माँ ब्लाँ: गूतेच्या वाटेवरचे सहा दिवस

फ्रान्स आणि इटलीच्या सीमेवरचं माँ ब्लाँ हे आल्प्समधलं सर्वांत उंच शिखर. त्याची उंची दर दोन वर्षांनी सप्टेंबरात मोजतात आणि दर वेळी आकडा बदलतो. २०२१ मध्ये ४८०७.८१ मीटर होती, २०२३ मध्ये ४८०५.५९. खडक ४७९२ मीटरवरच संपतो. त्यावरची टोपी बर्फाची आहे, आणि ती वाऱ्यापावसाबरोबर कमीजास्त होते.

गूतेची वाट ही वर जायची सर्वांत सोपी वाट म्हणून ओळखली जाते. हातापायांच्या कसबापुरतं पाहिलं तर ते खरंच आहे. उत्तरकाशीचा किंवा मनालीचा गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स नीट केलेल्या माणसाला इथे एकही पाऊल न जमण्यासारखं नाही. तरी या वाटेवर दर उन्हाळ्यात माणसं मरतात. ती वाटेभर विखरून मरत नाहीत. चार-पाच ठरावीक जागी आणि बहुतेक वेळा ठरावीक प्रहरी मरतात. त्या जागी त्या प्रहरी माणूस का पोचतो, हे शोधत मागे गेलं तर पुष्कळदा गाडीची वेळ, हटचं (वाटेवरच्या मुक्कामाच्या घराचं) बुकिंग किंवा परतीचं विमान सापडतं. म्हणून या वर्णनात उंचीइतकंच घड्याळ येईल.

पहिला दिवस: शामोनी, १०३५ मीटर

शामोनी या फ्रान्समधल्या पायथ्याच्या गावात पोचल्यावर पहिलं काम चर्चसमोरच्या चौकात. तिथल्या ‘मेझाँ द ला मोंतान्य’ या इमारतीत ला शामोनियार्द या संस्थेचं कार्यालय आहे. कोणत्या वाटेची आज काय अवस्था आहे, हे तिथली माणसं फुकट सांगतात. ‘शिखर खुलं आहे का?’ असा मोघम प्रश्न विचारून फार काही हाती लागत नाही. तीन गोष्टी नेमक्या विचाराव्यात.

पहिली, गूतेच्या मोठ्या नाळेत (आपली वाट जी आडवी ओलांडते त्या घळीत) बर्फ किती शिल्लक आहे. भरपूर आणि घट्ट बर्फ असेल तर दगड त्यात रुतून बसतात. बर्फ गेला की नाळ म्हणजे सुट्या दगडांची घसरगुंडी होते.

दुसरी, शून्य अंशाची रेषा किती उंचीवर आहे, आणि रात्री ती किती खाली येते. २५ जुलै २०२२ रोजी स्वित्झर्लंडच्या हवामान खात्याच्या फुग्याला ती ५१८४ मीटरवर सापडली आणि ऑगस्ट २०२३ मध्ये ५२९८ मीटरवर. याचा अर्थ त्या वेळी माँ ब्लाँच्या माथ्यावरच्या उंचीलाही हवा गोठणबिंदूच्या वर होती. अशा रात्री हिमभेगांवरचे बर्फाचे पूल कडक होत नाहीत आणि खडकाच्या भेगांतलं बर्फ खडकाला धरून ठेवत नाही. सकाळी लवकर निघण्याचा सगळा फायदा रात्रीच्या गोठण्यावर उभा असतो. रात्र गोठली नाही तर पहाटे दोन आणि सकाळी दहा यांत फारसा फरक उरत नाही.

तिसरी, माथ्यावरचा वारा. उणे १० अंशांत ताशी ४० किलोमीटर वारा असेल तर उघड्या कातडीला ते उणे २१ च्या आसपास जाणवतं. वरची शेवटची धार अरुंद आहे. पन्नासच्या पुढचा अंदाज असेल तर आमच्या मते तो दिवस सोडून द्यावा, मग आकाश कितीही निळं दिसो.

२०२२ मधल्या त्या उन्हाळ्यात नाळेतून दगड इतके सुटत होते की ऑगस्टच्या सुरुवातीला वाटेवरची तेत रूस आणि गूते ही दोन्ही हट बंद केली गेली. त्याच दिवसांत पायथ्याच्या सँ-जेर्व्हे गावाच्या महापौरांनी या वाटेवर येणाऱ्यांकडून १५,००० युरो अनामत घ्यावी असं सुचवलं. त्यातले १०,००० सुटकेच्या खर्चाचे आणि ५,००० अंत्यसंस्काराचे.

दुसरं काम सामानाचं. २०१७ पासून या वाटेवर कोणतं साहित्य सोबत असलंच पाहिजे, याचा सँ-जेर्व्हे गावाचा हुकूम आहे. उबदार आणि वाराबंद कपडे, गॉगल, बर्फाचे बूट, क्रॅम्पॉन (बुटांखाली बांधायचे पोलादी दात), आईस अॅक्स, हार्नेस (दोर अडकवायचा कमरेचा पट्टा), दोर, हिमभेगेतून माणूस काढण्याचं साहित्य, दिशा आणि उंची कळण्याची साधनं. हेल्मेट तर हवंच. दोन-तीन जणांत ३० ते ४० मीटर दोर, प्रत्येकाकडे एक आईस स्क्रू, दोन प्रुसिकच्या दोऱ्या (मुख्य दोराला आवळून बसणाऱ्या), तीन लॉकिंग कॅराबिनर (बंद होणाऱ्या कड्या) आणि हातमोज्यांचे दोन जोड. दुसरा जोड चैनीचा नाही. वाऱ्यात एक हातमोजा उडून गेला की अर्ध्या तासात बोटं कामातून जातात आणि गाठ सोडता येत नाही.

बूट आणि क्रॅम्पॉन भाड्याने घेणार असाल तर दोन्ही एकाच दुकानातून, एकमेकांवर चढवून घ्या. बूट हातात उलटा धरून जोरात हलवा. पट्टा न बांधताही क्रॅम्पॉन जागचा हलता कामा नये. खाली बर्फाचे गोळे चिकटू नयेत म्हणून रबरी पत्रा आहे ना, तेही पाहा. सहाव्या दिवशी दुपारी त्याची किंमत कळते.

‘केबल कारने एग्वी द्यु मिदीला ३८४२ मीटरवर जाऊन तीन शिखरांच्या (ताक्युल, मोदि, माँ ब्लाँ) वाटेने का जाऊ नये?’ हा प्रश्न दर वेळी निघतो. त्या वाटेवर दगड कमी आहेत, पण डोक्यावर सेरॅक, म्हणजे हिमनदीचे तुटू पाहणारे बर्फाचे कडे, आहेत आणि वाऱ्याने साठवलेल्या बर्फाचे उतार आहेत. २४ ऑगस्ट २००८ च्या पहाटे माँ ब्लाँ द्यु ताक्युलच्या उतारावर सेरॅक कोसळून ८ जण गेले. १२ जुलै २०१२ च्या पहाटे माँ मोदिच्या उतारावर बर्फाची लादी सुटली आणि ९ जण गेले. सेरॅक हिमनदीच्या सरकण्याने तुटतो. तो रात्री दोनलाही पडतो, गोठलेल्या हवेतही पडतो. दगडांच्या बाबतीत निदान वेळ पाळता येते. सेरॅकखाली फक्त थांबण्याचा काळ कमी करता येतो.

दुपार मोकळी असते, तेव्हा बोसाँ हिमनदीच्या तोंडाशी जाऊन यावं. माँ ब्लाँच्या उत्तर अंगाचा बर्फ इथे खाली उतरतो आणि वर हरवलेलं सगळं घेऊन येतो. ऑगस्ट १८२० मध्ये डॉ. हामेल यांच्या तुकडीतले तीन मार्गदर्शक हिमप्रपाताने भेगेत ढकलले गेले. त्यांचे अवशेष १८६१ मध्ये, ४१ वर्षांनी, या हिमनदीच्या खालच्या टोकाला बाहेर आले. त्या अपघातानंतर लगेच, १८२१ मध्ये, शामोनीच्या मार्गदर्शकांनी आपली संघटना बांधली.

आपल्यासाठी या बर्फात आणखी एक गोष्ट आहे. ३ नोव्हेंबर १९५० रोजी मुंबईहून लंडनला निघालेलं एअर इंडियाचं ‘मलबार प्रिन्सेस’ माथ्याखालच्या तूर्नेतच्या खडकांजवळ आदळलं, ४८ जण गेले. तिथे पोचण्याच्या प्रयत्नात शामोनीचे मार्गदर्शक रने पायो यांचाही जीव गेला. आणि २४ जानेवारी १९६६ रोजी, जवळजवळ त्याच जागी, ‘कांचनजंगा’ हे बोइंग ७०७ आदळलं. ११७ जण होते, त्यांत डॉ. होमी भाभा. विमानातलं दिशादर्शक उपकरण बिघडलेलं होतं. रडारवरच्या माणसाने विमानाची जागा सांगितली, पण त्या बोलण्याचा अर्थ वैमानिकांना लागला तो वेगळा. शिखर मागे पडलं असं समजून त्यांनी विमान खाली आणलं. २०१२ मध्ये याच हिमनदीत भारत सरकारची टपालाची थैली सापडली, २०२० मध्ये इंदिरा गांधी पंतप्रधान झाल्याच्या बातमीची वर्तमानपत्रं. पत्र्याचे तुकडे अजून निघतात. दिसले तर जागीच राहू द्यावेत.

दुसरा आणि तिसरा दिवस: ग्रान पारादीसो, ४०६१ मीटर

हे दोन दिवस वाचवण्याचा मोह फार जणांना होतो. माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ५५ टक्क्यांच्या आसपास असतो. शामोनीहून थेट गूते हट गाठलं तर एका दिवसात झोपण्याची उंची २८०० मीटरने वाढते, आणि ३००० मीटरच्या वर ती रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये असा वैद्यकीय दंडक आहे.

म्हणून माँ ब्लाँखालच्या बोगद्यातून इटलीत, आओस्ता खोऱ्यात जायचं. पाँत या १९६० मीटरवरच्या गावापासून विट्टोरियो इमॅन्युएल हटपर्यंत (२७३५ मी.) अडीच तासांची चढण. तिथे मुक्काम, पहाटे ग्रान पारादीसो हे शिखर, संध्याकाळी परत शामोनी. माथ्याजवळ मूर्ती असलेल्या खडकापाशी अरुंद जागेत गर्दी होते. तिथे नंबर लावून उभं राहण्यात अर्थ नाही. चार हजारला शरीर काय म्हणतं, एवढंच या दोन दिवसांत पाहायचं आहे.

डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं ही साधी लक्षणं. पाणी, विश्रांती आणि न चढणं यांनी ती बहुधा जातात. सरळ रेषेत एकापुढे एक पाऊल टाकायला सांगितल्यावर माणूस झोकांड्या खात असेल, किंवा बसल्या जागी धाप लागत असेल, ओला खोकला येत असेल, तर मेंदूत किंवा फुप्फुसात पाणी साठू लागलं आहे. मग औषधाची वाट न पाहता, रात्र असली तरी खाली उतरवायचं. १८९१ मध्ये डॉ. झाकोते हा शामोनीचा तरुण डॉक्टर माँ ब्लाँच्या माथ्याखालच्या व्हालो हटमध्ये आजारी पडला. उंचीचा परिणाम स्वतःवर पाहता यावा म्हणून त्याने उतरायला नकार दिला आणि तिथेच तो गेला. शवविच्छेदनात फुप्फुसं पाण्याने भरलेली आढळली. उंचीवरच्या या आजाराची ही अगदी सुरुवातीची नीट नोंद.

डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यायचं असेल तर घरीच डॉक्टरांना विचारून, आणि एकदा घरी घेऊन पाहून. बोटांना मुंग्या येतात, लघवी वारंवार होते. वर पहिल्यांदाच घेतलं तर गोळीचा परिणाम कोणता आणि उंचीचा कोणता, हे कळेनासं होतं.

चौथा दिवस: तेत रूस, ३१६७ मीटर

ल फाये स्टेशनाहून दातेरी रुळांची ट्रामगाडी नी देग्लला, २३७२ मीटरवर नेऊन सोडते. इथून वर जाणाऱ्याकडे हटचं नावनिशीवार बुकिंग असावं लागतं. २०१९ पासून हा नियम आहे आणि वाटेत तपासणी होते. ऐनवेळी जोडीदार बदलला तर नाव बदलून घ्या. वाटेत कुठेही तंबू टाकायला बंदी आहे.

नी देग्लपासून तेत रूस ८०० मीटर चढ, दोन ते अडीच तास. घसाऱ्याची वाट, मधे रोन्यचं पडकं वनखात्याचं घर, कधी आयबेक्स या रानबकऱ्यांचा कळप. जूनमध्ये शेवटी बर्फाचे पट्टे लागतात. ते किरकोळ वाटतात म्हणून क्रॅम्पॉन पिशवीतच राहतात, आणि घसरलेला माणूस पट्टा संपतो तिथल्या दगडांवर जाऊन थांबतो.

तेत रूस हिमनदी दिसायला लहान, निरुपद्रवी. ११ जुलै १८९२ च्या रात्री तिच्या पोटात साठलेलं सुमारे दोन लाख घनमीटर पाणी फुटून बाहेर पडलं. दगडमातीचा तो लोंढा बियोने वाडीवरून सँ-जेर्व्हेच्या गरम पाण्याच्या स्नानगृहांपर्यंत गेला. सुमारे १७५ माणसं गेली. २०१० मध्ये पोटात पुन्हा पाणी साठल्याचं आढळलं, तेव्हा बर्फाला भोकं पाडून ते पंपाने उपसलं. खालच्या वस्त्यांसाठी तेव्हा धोक्याचे भोंगे बसवण्यात आले.

दुपारी दीड-दोनला तेत रूसला पोचलं की पुढचा प्रश्न येतो. वर गूते हट दिसतं, पायात दम आहे, दिवस मोठा आहे. गूतेचं बुकिंग आजचंच असेल तर जावंच लागतं. इथेच आधी केलेलं बुकिंग माणसाला नाळेत ढकलतं. म्हणून पहिली रात्र तेत रूसची आणि दुसरी गूतेची घ्यावी. दोन्ही मिळत नसतील तर तारखा बदलाव्यात.

संध्याकाळ नाळेकडे पाहण्यात घालवावी. हटच्या अंगणातून ती समोर दिसते. दगड कुठून सुटतात, कोणत्या बाजूने येतात, दोन आवाजांत किती वेळ जातो, हे कागदावर मांडलं तरी चालेल.

पाचवा दिवस: नाळ आणि गूते, ३८३५ मीटर

सह्याद्रीत नाळ म्हणजे दोन कड्यांमधली उतरती घळ, पावसाळ्यात पाण्याची आणि उन्हाळ्यात दगडांची. ग्राँ कुलुआर, म्हणजे गूतेची मोठी नाळ, तशीच आहे. आपली वाट तिला साधारण ३३४० मीटरवर आडवी ओलांडते, आणि ओलांडणाऱ्याच्या डोक्यावर जवळजवळ पाचशे मीटर उंचीचा मोडका उतार असतो. नाळेचं तोंड पश्चिमेकडे. सकाळी सावली, दुपारनंतर थेट ऊन.

१९९० ते २०१७ या २८ वर्षांत तेत रूस आणि गूते यांच्या मधल्या एवढ्याशा टप्प्यात १०२ माणसं मेली आणि २३० जखमी झाली. ही नोंद बचाव पथकाच्या कामावरून काढलेली आहे. म्हणजे वर्षाला साडेतीन मृत्यू, तेही अडीच-तीन तासांच्या चढाईच्या जागेत.

त्यात बहुतेकांच्या ध्यानात न येणारी गोष्ट अशी की दगड लागून झालेल्या अपघातांपेक्षा पाय सुटून पडण्याचे अपघात जास्त आहेत. नाळ ओलांडली की माणूस सुटकेचा श्वास टाकतो, पण तिच्या डाव्या बाजूची खडकाळ धार अजून तास-दीड तास हातापायांनी चढायची असते. खडक तुटका, वर कधी पातळ बर्फ, क्रॅम्पॉन घालावेत की काढावेत असा सतत पेच. तिथून पडलेला माणूस पुन्हा नाळेतच येतो.

दगड का सुटतात, ते समजून घेतलं तर वेळ ठरवता येते. वरच्या खडकाच्या भेगांत वर्षानुवर्षं गोठलेलं बर्फ आहे, तोच तिथला चुना-सिमेंट. बर्फ वितळून पाणी भेगांत शिरतं, सिमेंट सैल होतं. म्हणून दगड सर्वांत जास्त सुटतात ते बर्फ वितळण्याच्या काळात, आणि दिवसात दुपार उतरताना. ‘ऑगस्टचं ऊन वाईट, जून बरा’ हे गणित अपुरं आहे. जूनअखेरीस उन्हाने भराभर पाणी सुटत असतानाही नाळ तितकीच बोलकी असते. दिवसभर खडकात मुरलेली उष्णता उशिरापर्यंत काम करते, त्यामुळे संध्याकाळी सात म्हणजे गारवा आणि गारवा म्हणजे निर्धोक, हेही खरं नाही.

पहाटे उजेड फुटता निघायचं. तेत रूसच्या दारातच हेल्मेट, हार्नेस, क्रॅम्पॉन सगळं चढवून. नाळेच्या काठावर उभं राहून पट्टे आवळणारा माणूस दगडाच्या रेषेत उभा असतो आणि मागच्यांची रांगही तिथेच अडते.

ओलांडण्याची रीत अशी. काठावरच्या खडकाच्या आडोशाला सगळे थांबतात. एक जण वर नजर ठेवतो. त्याचं दुसरं काही काम नसतं. दोन मिनिटं कान देऊन ऐकायचं. मग एकेकाने जायचं, न पळता, न थांबता, पाय पूर्ण टेकवत. पळणारा घसरतो. आवाज आला तर पहारेकरी ‘दगड!’ एवढंच ओरडतो आणि कोणत्या बाजूने ते हाताने दाखवतो. मधे असलेल्याने मान खाली घालून धावू नये. एकदा वर पाहायचं. दगड उसळ्या घेत येतात आणि शेवटच्या उसळीपर्यंत त्यांची रेषा बदलते. बाजूला होता येत असेल तर व्हायचं, नाही तर वरच्या अंगाला चिकटून पाठपिशवी डोक्यामागे घ्यायची. हेल्मेट लिंबाएवढ्या दगडाला पुरतं, फ्रिजएवढ्याला नाही.

नाळेवर पोलादी तार ताणलेली आहे. तिला कॅराबिनरने अडकवून गेलं तर घसरण थांबते, दगड थांबत नाही. बर्फ खाली गेला की तार हाताच्या वर राहते. अडकवण्यात वेळ जातो, आणि अडकलेल्याला बाजूला उडी मारता येत नाही. वाट बर्फाळ आणि निसरडी असेल, दगड शांत असतील, तर तार वापरावी. कोरडी वाट आणि वरून सतत खडखड असेल तर तारेचा विचार करण्यापेक्षा परत फिरावं. तिघांनी एका दोरीत एकदम ओलांडणं मात्र कधीच नको. लोंबता दोर स्वतः दगड पाडतो, आणि एकाला लागलेला दगड तिघांना घेऊन जातो.

धारेवर दोरीचा हाच प्रश्न पुन्हा येतो. दोर कुठेही न अडकवता एकामागोमाग चालणारे तीन जण म्हणजे एकमेकांना बांधलेले तीन जण, एवढंच. दोर काम करतो तो खडकाच्या शिंगाला गुंडाळला तर, किंवा वरच्याने भक्कम बसून तो आखूड धरला तर. हे सतत करता येणारा अनुभवी माणूस पुढे नसेल तर मार्गदर्शक घ्या. या शिखरावर एक मार्गदर्शक दोनच जणांना घेऊन जातो, त्याचं कारण हेच. वरच्या भागात तारा बसवलेल्या आहेत. ३८१७ मीटरवरच्या जुन्या हटपाशी धार संपते. २०१३ मध्ये सुरू झालेलं नवं, १२० जणांचं हट थोडं पुढे आहे. तिथपर्यंतचे शेवटचे दोन-तीनशे मीटर बर्फाच्या कडेवरून जातात. दमलेली माणसं इथे दोर सोडून, गप्पा मारत चालतात. दोन्ही बाजूंना उतार आहे.

सकाळी नऊ-दहाला गूतेला पोचलेला माणूस दिवसभर पाणी पितो, झोपतो, डोकं दुखतंय का ते पाहतो. तीन लिटर तरी पोटात गेलं पाहिजे. पाणी वर विकत मिळतं आणि महाग असतं; त्यात काटकसर करू नये.

सहावा दिवस: माथा आणि परत

नाश्ता पहाटे दोनला. तीनच्या आत हट सोडायचं. इथून माथा ९७० मीटर वर, चार ते पाच तास.

आधी दोम द्यु गूतेचा प्रचंड, गोल, खुणा नसलेला उतार. चांगल्या हवेत कंटाळवाणा. ढग बसला की आकाश आणि बर्फ एक होतात. पाय पुढे टाकला की तो वर जातोय की खाली, ते कळत नाही. अशा वेळी माणसं इटलीच्या बाजूला किंवा उत्तरेच्या भेगांकडे भरकटतात. जाताना दर वळणाला जीपीएसवर खूण घ्यावी आणि फोन अंगाशी, आतल्या खिशात ठेवावा. थंडीत बॅटरी ४० टक्क्यांवरूनही बंद पडते. दोरीत दोघांमध्ये १२ ते १५ मीटर अंतर, दोर जवळजवळ ताठ. हातात दोरीची वेटोळी घेऊन चालणं ही इथली नेहमीची चूक. भेगेवरचा पूल तुटला तर ती वेटोळी सुटेपर्यंत पडणाऱ्याचा वेग इतका वाढतो की धरणाराही ओढला जातो.

सप्टेंबर १८७० मध्ये तीन गिर्यारोहक आणि आठ मार्गदर्शक-हमाल माथ्यावरून परतताना वादळात अडकले. अकराही गेले. बीन नावाच्या अमेरिकनाच्या खिशात वही सापडली. बर्फात खणलेल्या गुहेत काढलेल्या रात्रींची आणि गोठलेल्या पायांची नोंद तिच्यात होती. त्यांच्याकडे होकायंत्र असतं तरी वाऱ्याने ते उभे राहू शकले असते का, हा प्रश्न आहेच. पण ढग माथ्यावर टोपीसारखा बसलेला दिसत असताना वर न जाणं त्यांच्याही हातात होतं, आजही आहे.

४३६२ मीटरवर व्हालो. हा पत्र्याचा आसरा आहे, मुक्कामाची जागा नाही. निर्णयाची जागा मात्र हीच. हटपासून इथे यायला दोन-अडीच तास लागतात. तीन तासांच्या वर गेले असतील, कुणाच्या बोटांना संवेदना नसेल, कुणी विचारल्याला उशिरा उत्तर देत असेल, तर इथून परत. पुढे ४५० मीटर राहिलेत, पण त्या धारेवर हळू माणसाला थांबायला जागा नाही. ‘तू इथे बस, आम्ही जाऊन येतो’ हे कुणालाही म्हणू नये. आजारी माणूस एकटा उतरू लागतो, आणि मग शोध सुरू होतो.

बोसची धार म्हणजे बर्फाची दोन उंचवट्यांची, वर निमुळती होत जाणारी पाठ. एका बाजूला फ्रान्स, दुसऱ्या बाजूला इटली. जागोजागी पाऊलभर रुंद. इथला धोका समोरून येणाऱ्यांचा. सात-आठच्या सुमाराला उतरणारे आणि चढणारे याच धारेवर भेटतात. रुंद जागा दिसली की तिथेच थांबून समोरच्या दोरीला जाऊ द्यावं. ओलांडताना आईस अॅक्स बर्फात पूर्ण रोवलेला हवा, आणि कुणाच्याही दोरीवर पाय नको. क्रॅम्पॉन अडकला की दोन दोऱ्या एकत्र जातात. जोडीदार एका बाजूला पडला तर आपण दुसऱ्या बाजूला उडी घ्यायची, हा जुना उपाय बरोबर आहे, पण तो पहिल्या सेकंदातच करावा लागतो आणि दोरीत ढिलाई असेल तर उपयोगाचा नाही. दोघांमध्ये या धारेवर तीन-चार मीटरच ठेवावेत.

तूर्नेतचे खडक ४६७७ मीटरवर. तिथून माथा अर्ध्या-पाऊण तासावर. ८ ऑगस्ट १७८६ रोजी बाल्मा आणि डॉ. पाकार माथ्यावर पहिल्यांदा पोचले, त्यांच्याकडे दोर नव्हता. माथा लांबट आणि सपाट आहे. दहा मिनिटं पुरतात.

आता घड्याळ खरं महत्त्वाचं. माथा आठला सोडला तर साडेदहाच्या आत गूते, बाराच्या सुमारास नाळ. माथा दहाला सोडला तर नाळ दुपारी दोन-अडीचला. नी देग्लहून शेवटची गाडी संध्याकाळी, त्यामुळे साडेअकराला गूतेला पोचलेला दमलेला माणूस ‘आत्ता निघालो तर गाडी मिळेल’ असा हिशेब करतो आणि नेमक्या वाईट प्रहरी नाळेत उतरतो. बर्फ मऊ झालेला, क्रॅम्पॉनखाली गोळे, गुडघे थरथरणारे, पाणी संपलेलं. अॅक्सच्या दांड्याने दर चार पावलांनी क्रॅम्पॉन ठोकावा लागतो आणि तेवढंही भान राहत नाही. घसरण्याचे अपघात उतरताना जास्त का, ते इथे दिसतं.

उशीर झाला असेल तर गूतेच्या रखवालदाराला सांगून थांबावं. जागा नसेल तर जेवणघराच्या बाकावर. दुसऱ्या दिवशी उजेडात, गोठलेल्या वाटेने, बारा तासांच्या विश्रांतीनंतर ती नाळ दोन मिनिटांची असते. गाडीच्या तिकिटाचे आणि विमानाच्या तारखेचे पैसे घरी निघण्यापूर्वीच बुडीत धरून ठेवावेत. तसं केलं असेल तरच गूतेच्या दारात निर्णय मोकळेपणाने होतो.

आणि पुढच्याला दगड लागला, किंवा कुणी धारेवरून गेलं, तर लगेच त्याच्याकडे धावू नये. पहारेकरी वर पाहत राहतो, बाकीचे आडोशाला. ११२ वर फोन. जागा सांगायची, ‘ग्राँ कुलुआर, ओलांडणीच्या खाली’ किंवा ‘धारेवर, इतक्या मीटरवर’. किती जण, शुद्धीवर आहेत का, ढग आणि वारा कसा आहे. फोन कापला गेला तरी तोच चालू ठेवायचा, दुसऱ्याला लावायचा नाही, कारण पथक उलट फोन करतं. शामोनीचं पर्वतीय पोलीस पथक १९५८ पासून हे काम करतं. १९५६ च्या डिसेंबरात व्हँसाँद्ये आणि आँरी हे दोन तरुण वर अडकले, त्यांना आणायला गेलेलं हेलिकॉप्टरही पडलं, आणि बर्फात ते दोघे दिवसेंदिवस मरत असताना खाली कुणाचा हुकूम चालतो हेच ठरेना. त्या लाजिरवाण्या प्रकरणातून हे पथक उभं राहिलं.

हेलिकॉप्टर दिसलं की एकानेच उभं राहून दोन्ही हात वर करायचे: मदत हवी. बाकीच्यांनी खाली बसायचं, पिशव्या, चटया, दोर अंगाखाली दाबून. पंख्याचा वारा सुटं सगळं वर खेचतो, आणि नाळेत त्या वाऱ्याने दगडही सुटतात. आत जाणारा माणूस हार्नेसमध्येच हवा. क्रॅम्पॉन काढायला सांगितल्याशिवाय काढू नयेत. पथकातला माणूस खाली उतरून हात करेपर्यंत जागचं हलायचं नाही.